एक्केचाळीस नंबरची आंबील

सभागृहात चारशे माणसं होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटाला डॉक्टर निरंजन पाठारेंचा हात लागलेला होता. मिरजेच्या ‘नवकाया’ रुग्णालयाचा हा वार्षिक पेशंट मेळावा. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी वर्षातून एकदा जमायचं, काट्यावर उभं राहायचं, पुदिन्याचं पातळ ताक प्यायचं आणि एकमेकांच्या कमरेकडे चोरून बघायचं, असा शिरस्ता. २०४२ सालच्या जानेवारीत वृषाली खोत तिसऱ्या रांगेत, भिंतीला लागून बसली होती. मागच्या वर्षी ती आलीच नव्हती. त्याआधीच्या सहा मेळाव्यांत मात्र तिची खुर्ची व्यासपीठावर असायची.

तेव्हा ती नवकायाची लाडकी होती. ब्राह्मणपुरीत बायकांचे कपडे शिवणारी ही बाई ऑपरेशनला आली तेव्हा एकशे अठ्ठावीस किलो होती. दीड वर्षात ती सहासष्टवर उतरली आणि पुढं सहा वर्षं सहासष्टवरच राहिली. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. शस्त्रक्रियेनं जठराची पिशवी लहान होते, भूक मरते, वजन धडाधड उतरतं, हे खरं. पण शरीर आपलं जुनं वजन विसरत नाही. दोन-तीन वर्षं उलटली की मेंदू हरवलेली चरबी परत मागायला लागतो. भूक लावणारं संप्रेरक पुन्हा वाढतं, पिशवी सैलावते, आणि शरीर थोडक्यात संसार चालवायला शिकतं. माणूस पूर्वीपेक्षा निम्मं खातो आणि तरी फुगतो. वर त्याला सगळे म्हणतात, खातोस किती!

वृषालीचं तसं झालं नाही. सहा वर्षं नाही. मग २०४०च्या पावसाळ्यानंतर तिला पोटाचं जबर दुखणं झालं, नवकायातच तीन आठवडे कडक अँटिबायोटिकची सलाइनं लागली, आणि त्यानंतर काटा जो सरकायला लागला तो चौऱ्याण्णववर आला.

व्यासपीठावर डॉक्टर पाठारे बोलत होते. माणूस देखणा, आवाज गोड, आणि आपला आवाज गोड आहे हे पक्कं माहीत असलेला.

“आमच्या एका पेशंटच्या आतड्यात आम्हाला एक जंतू सापडलाय,” ते म्हणाले. “यकृतातून जे पित्त येतं, त्यापासून हा जंतू एक द्रव्य बनवतो. ते द्रव्य आतड्यातल्या मज्जातंतूंना सांगतं, पोट भरलंय. निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू जुनं वजन मागायचं थांबवतो. हा जंतू आम्ही वाढवला, वाळवला, गोळीत भरला. गोळीचं नाव ‘स्थिरा’. दात्याचं नाव नियमाप्रमाणे गुप्त आहे. आमच्यासाठी तो फक्त पेशंट नंबर एक्केचाळीस.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वृषालीनं टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. दर तीन महिन्यांनी शौचाचा नमुना द्यायच्या डबीवर तिच्या डोळ्यांदेखत चिकटवला जाणारा नंबर एक्केचाळीस होता. कशाला हो हे, असं तिनं विचारलं की लॅबवाली म्हणायची, “रूटीन असतंय ताई.”

ती उठून काही बोलणार, एवढ्यात पडद्यावर तिचाच फोटो आला. त्याच्या शेजारी दुसरा, गेल्या आठवड्यातला.

“आणि शिस्त नसली की काय होतं तेही बघू या. खोतबाई, जरा उभ्या राहा. लाजू नका.” डॉक्टर हसले. “डायरी बघावी तर सहा वर्षं एकदम काटेकोर. तीन वेळा प्रोटीन पावडर, दुसरं काही नाही. मग हे अठ्ठावीस किलो काय हवेतून आले?”

सभागृह हसलं. पोट धरून हसलं. ज्यांची स्वतःची वजनं चोरपावलांनी परत येत होती तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले. व्यासपीठावर ‘स्थिरा’ची पहिली मानकरी म्हणून निलोफर बसली होती. निलोफर सतारमेकर ही वृषालीच्या शेजारच्या बेडवरची. एकाच दिवशी दोघींचं ऑपरेशन झालं, एकाच दिवशी दोघी पहिल्यांदा भिंत धरून चालल्या आणि तेव्हापासून सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. निलोफर हसली नाही. तिनं मान मात्र खाली घातली.

एकाच दुपारी, एकाच माणसानं, एकाच बाईला चमत्कार म्हणून विकलं आणि चोर म्हणून उभं केलं.

वृषाली मेळाव्यानंतर डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. ओरडायचं नाही असं ठरवून गेली होती. “एक्केचाळीस नंबर मीच की हो,” ती म्हणाली. “तुमच्याच औषधानं माझ्या पोटातले जंतू मेले. मला त्या गोळ्या द्या. माझं मलाच परत मागतेय.”

“हे बघा, गोळी शिस्तीच्या पेशंटांसाठी आहे,” डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुम्ही परत चोरून खाणार, वजन वाढणार, आणि नाव खराब होणार गोळीचं. नमुन्यांबद्दल म्हणाल तर संमतीपत्रावर तुमची सही आहे. या आता.”

त्यांनी जाताना तिच्या हातात ‘स्थिरा’चं माहितीपत्रक दिलं. हातात काहीतरी देऊन माणसाला वाटेला लावायची मोठ्या डॉक्टरांची एक पद्धत असते. रिक्षाची वाट बघताना वृषालीनं ते पत्रक वाचलं. दात्याच्या सहा वर्षांच्या आहारनोंदींचा अभ्यास केला असता हा जंतू प्रोटीन पावडरवर उत्तम पोसला जातो, असं त्यात लिहिलं होतं. म्हणून गोळीसोबत दिवसातून तीनदा पावडर घ्यावी.

ते दोनदा वाचून वृषाली भर रस्त्यात खो खो हसत सुटली.

कारण सहा वर्षांत तिनं पावडरचा एक घोट घेतला नव्हता. ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यात त्या वासानं तिला उलटी झाली होती. तेव्हा जतहून तिची आई, आक्का, मडकं घेऊन आली. तिनं ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील केली, रात्रभर आंबवली, ताक घातलं, लसूण-जिरं घातलं आणि लेकीला चमच्यानं पाजली. ती पोटात राहिली. पुढं रोज सकाळी तेच. मडकं कधी पुरतं रिकामं करायचं नाही, तळाला वाटीभर ठेवायची आणि त्यावर नवी करायची, ही आक्काची रीत.

पण नवकायाच्या आहारतक्त्यात आंबिलीवर लाल फुली होती. स्टार्च, बंद. आहारतज्ज्ञ बाई फार बोलायच्या, तेव्हा त्यांची बोलणी खाण्यापेक्षा वृषालीनं डायरीत ‘पावडर’ लिहिलं. ती एकटी नव्हे, वॉर्डातल्या सगळ्याच बायका तेच करत. डायरीत पावडर लिहायची आणि डबे जिमवाल्यांना द्यायचे, हे नवकायाच्या पेशंटांचं उघड गुपित होतं. ते माहीत नव्हतं फक्त डॉक्टरांना. ज्या बाईला त्यांनी चारशे माणसांत खोटारडी म्हटलं, तिच्या डायरीवर मात्र त्यांनी सगळा कारखाना उभा केला होता.

आता आक्का राहिली नव्हती. वृषाली इस्पितळात असताना नवऱ्यानं, विलासनं, मडकं वाळलेलं बघून साबणानं घासलं आणि गच्चीत पालथं घातलं होतं. म्हणजे जंतू होता डॉक्टरांकडे, आणि त्या जंतूला जगवतं काय ते ठाऊक होतं वृषालीला. सांगितलं असतं तर दोघांचंही भलं झालं असतं. ती सांगणार नव्हती. पावडरवर तो जंतू वर्षभरात उपाशी मरेल, आणि मग डॉक्टर पाठारेंना कळेल चारशे माणसांत उभं राहणं काय असतं.

घरी विलासनंही, ती चोरून खाते असं धरून, गुळाचा डबा माळ्यावर टाकलेला होता. तिनं तेही सहन केलं.

उन्हाळ्यात ‘स्थिरा’ घेणाऱ्या नवकायाच्या बायका ब्लाऊज आटवून घ्यायला येत होत्या. वृषाली त्यांच्याकडे बघून गोड हसायची, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्यायची, आणि आत मुडपलेलं जादा कापड कापत मात्र नसे. शिंपीणबाई ते कधीच कापत नाही म्हणा. पण या वेळी ती ते राखत होती ते वाट बघत.

गणपतीपर्यंत सामसूम होती. दिवाळीच्या आधी एकेक जण परत यायला लागली. आधी शिक्षक कॉलनीतल्या चौगुलेबाई. “जरा काखेत धरतोय गं, काय झालंय कुणास ठाऊक.” मग बँकेतल्या दोघी. मग कुपवाडच्या सासू-सुना. त्या दिवाळीत वृषालीनं शिवलं कमी आणि उसवलं जास्त. छोट्या कात्रीचं टोक घालून टाका तोडला की कापड सुटायचं, आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. जगात कुठल्याही डॉक्टरला, कुठल्याही आलेखात जे अजून दिसलं नव्हतं ते तिच्या टेपला कळलं होतं. ‘स्थिरा’ मरत होती. डॉक्टर पाठारे जानेवारीत परदेशात मोठ्या परिषदेत आकडे मांडणार, ही बातमी पेपरात होती. तिथंच त्यांचं नाक कापलं जावं, सगळ्या दुनियेसमोर, अशी तिची इच्छा होती. तोवर तिला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

मग निलोफर आली. कुर्ता कमरेत आवळत होता.

“सात किलो, वृषा,” ती स्टुलावर बसत म्हणाली. “साखर पण परत आलीय बघ. आणि ह्ये काय झालंय बघ तरी.” तिनं डावा पाय पुढं केला. करंगळीशेजारी चपलेनं घासून जखम झाली होती, कडा काळपट पडल्या होत्या.

वृषालीनं तो पाय मांडीवर घेतला. फुंकर घातली. तेव्हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले होते: नीलू, ती पावडर फेकून दे आणि आंबील पी. पण निलोफरला सांगायचं म्हणजे उद्या तपासणीत डॉक्टरांना कळायचं, कारण ही बया भोळी, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि मेळाव्यात तिनं मान खाली घातली होती, तेही वृषालीला आठवलं. डॉक्टरांवरच्या रागातला चिमूटभर राग तिच्याही वाट्याला होता. आता खोटं कशाला बोला.

“दवाखान्यात दाखव,” ती एवढंच म्हणाली. “मलम लाव. बरं होतंय.”

दोनच महिने, तिनं मनाशी म्हटलं.

संक्रांतीला निलोफरच्या डाव्या पायाची दोन बोटं कापली.

वृषाली दवाखान्यात गेली. पांढऱ्या पट्टीत पाऊल आखूड दिसत होतं. निलोफर म्हणाली, “आठ हायत की अजून. रडतीस काय?” आणि स्वतःच रडली. वृषाली तशीच बाहेर पडली, गच्चीतलं मडकं खाली आणलं आणि ज्वारी दळून आणली. दोन दिवसांनी ती आंबिलीचा तांब्या घेऊन निलोफरच्या उशाशी बसली. खरं सांगायचं धाडस तिला झालं नाही.

“परवा आक्का सपनात आली,” ती म्हणाली. “म्हटलं करून बघावी. मला पूर्वी लई मानवायची. तूही घे. पावडर सोड, पण डायरीच्या ॲपवर पावडरच लिही. उगं डॉक्टरची कटकट नको.”

निलोफरच्या आतड्यात गोळीतले जंतू थोडेफार तग धरून होते. आंबवलेल्या ज्वारीतला जो भाग माणसाला पचत नाही, तोच त्यांचा घास. सहा आठवड्यांत तिची भूक शांत झाली, साखर उतरली. मग तिलाच युक्ती सुचली. “थांब, तुझ्या मडक्यात माझी एक गोळी फोडून टाकू. बघू तर काय हुतंय.” जंतू मडक्यात रुजले. जतच्या याच मडक्यातून ते पहिल्यांदा आले असतील, तर माहेरी परतल्यासारखेच की. वृषालीचा काटा चौऱ्याण्णववरून हलला, नव्वदवर आला, मग शहाऐंशीवर.

परिषदेत डॉक्टरांचं नाक कापलं गेलं नाही, जेमतेम वाचलं. पण त्यानंतर दर महिन्याला आकडे कोसळत गेले. इकडे दुकानात कुणी उसवायला आली की वृषाली तिला एक भांडं आणायला सांगायची आणि तळातली वाटीभर आंबील त्यात ओतायची. “सायबाला सांगू नगंस. ॲपवर पावडर लिही.” बायका आनंदानं लिहीत. श्रावणापर्यंत मिरजेत पन्नासएक मडकी झाली. निलोफर दुकानात हुकं लावायला रोज येऊन बसायची आणि येईल त्या बाईला सांगायची, “ह्या बाईनं माझी आठ बोटं वाचवली हो.” ते ऐकताना वृषाली मशीन जरा जोरात चालवायची.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, दुपारी चारच्या सुमाराला, डॉक्टर पाठारे दुकानाच्या तीन पायऱ्या चढून वर आले. घागऱ्यांची गर्दी होती, सातआठ बायका बसल्या होत्या, सगळ्या नवकायाच्याच. डॉक्टर वाळले होते. त्यांनी कुणाकडे न बघता वृषालीला हात जोडले.

“पुणे, सुरत, दुबई, सगळीकडे जंतू मेला,” ते म्हणाले. “जगला फक्त मिरजेत. त्रेसष्ट पेशंट. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणी म्हणतात की आम्ही पावडर घेतो. आणि त्रेसष्टही जणी तुमच्याकडे कपडे शिवून घेतात. वृषालीताई, तुम्ही यांना काय देता?”

पावणेदोन वर्षं वृषालीनं ही दुपार मनात शिवून ठेवली होती. तिनं मशीनवरचा पाय काढला.

“आधी सांगा, एक्केचाळीस नंबर कोण?” ती म्हणाली. “मला न्हाई, ह्यांना सांगा. तोंड फिरवा तिकडं.”

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. “एक्केचाळीस नंबर म्हणजे या. वृषाली खोत. मला तेव्हाही माहीत होतं.”

“आणि मी चोरून खाल्लं होतं?”

“नाही. आमच्या औषधानं तुमचे जंतू मेले होते. मी… मी खोटं बोललो. तुमचा अपमान केला.” त्यांचा आवाज आता अजिबात गोड नव्हता. “मला माफ करा.”

चौगुलेबाईंनी चक्क टाळी वाजवली. निलोफर हातातला हुक तसाच धरून अभिमानानं हसत होती. वृषालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं आंबिलीचं सगळं सांगितलं: मडकं, आक्का, लाल फुली, खोटी डायरी. डॉक्टर खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि अगदी साधेपणानं विचारलं, “मला वर्षभर झोप नाही. कुठं चुकलं ते शोधत होतो. तुम्हाला कधी कळलं हो?”

खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही.

“मला?” वृषाली म्हणाली. “अवो, तुम्ही पत्रक हातात कोंबलंत त्याच दिवशी! रिक्षा स्टँडवर हसले मी. दिवाळीत तर खात्रीच झाली. तुमच्या मशिनी झोपल्या हुत्या तेव्हा मी हितं बसून तुमचा एकेक पेशंट फुगताना टेपनं मोजला. म्हटलं मरू दे, बुडू दे ह्या माणसाला. एक शब्द काढला न्हाई तोंडातनं!”

कुणी टाळी वाजवली नाही. चौगुलेबाई आपल्या दंडाकडे बघायला लागल्या. वृषालीला कळेना एकदम असं शांत का झालं, आणि मग कळलं.

“दिवाळीत?” निलोफरनं विचारलं.

वृषाली वळली.

“दिवाळीत मी आलते की,” निलोफर म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “त्याच स्टुलावर बसले. पाय मांडीवर घेतलास तू माझा.”

“नीलू, मला वाटलं न्हवतं गं एवढं…”

“सपनात आक्का आलती म्हणालीस.”

निलोफरनं उत्तराची वाट बघितली नाही. ती डॉक्टरांकडे वळली. “डॉक्टर, दिवाळीत आंबील मिळाली असती, तर माझी बोटं राहिली असती?”

डॉक्टरांनी वृषालीकडे बघितलं. याच घटकेला तिची नजर त्यांच्या पाया पडत होती आणि ते त्यांना कळलं. सूड घ्यायची अशी संधी त्यांना पुन्हा कधी मिळाली नसती. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुडाचं काही नव्हतं. विचारलं म्हणून एका पेशंटला खरं सांगावं, तसं ते म्हणाले, “बहुतेक राहिली असती.”

निलोफरनं हातातला हुक आणि सुई डबीत ठेवली. पुढं कापूस भरलेला डावा बूट तिनं ओढला, पायात घातला, पट्टा लावला. वृषालीनं हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरून ती रस्त्याला लागली.